एक काना कमी

९ जानेवारी

दादा,

तुझा काना मिळाला.

पाकिटावर तुझं अक्षर दिसलं म्हणून मी चष्मा लावला, पाणी प्यायले, खुर्चीत नीट बसले आणि मग पाकीट फोडलं. आत माझंच पत्रक. चार घड्या घातलेलं, आणि मथळ्यातल्या ‘ज’पुढे तांबड्या शाईत एक उभी रेघ. ना ‘प्रिय’, ना सही, ना वहिनी बरी आहे की नाही याचा एक शब्द. तुझ्या सत्कारापासून आपलं बोलणं बंद आहे. इतक्या वर्षांनी भावाने बहिणीला काय पाठवावं, तर एक काना.

बरं, चूक झाली. ‘एका कच्च्या कैद्याला जामीन मिळवून द्या’ असं छापायचं होतं, आणि छापलं गेलं ‘जमीन मिळवून द्या’. छापखान्याचा दोष नाही. प्रूफ मीच वाचलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. दोष माझाही नाही, बाबांचा आहे. मुलगा कुठेही शिकेल म्हणून तुला मराठी शाळेत घातलं, आणि मुलीला शिस्त लागायला हवी म्हणून मला नन्सच्या हवाली केलं. शिस्त लागली. ऱ्हस्व-दीर्घ राहून गेलं. तू मला ‘मड्डम’ म्हणायचास आणि माझ्या वहीत तांबड्या पेन्सिलीने रेघा मारायचास. आता पेन्सिलीऐवजी शाई आली, एवढीच तुझी प्रगती.

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या बाईने कैद्यांच्या भानगडीत का पडावं, असं तुला वाटलं असेल. विचारणार नाहीस, म्हणून न विचारता सांगते. आमची संस्था कच्च्या कैद्यांचं काम बघते. गुन्हा सिद्ध झालेला नाही, अनेकांचा खटलाही सुरू झालेला नाही, तरी आत आहेत अशी माणसं. हा शब्द तू न्यायाधीशाच्या खुर्चीवरून आयुष्यभर वापरलास. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, फळांबद्दल चाललंय. संस्था एका वकीलबाईंनी काढली. वय माझ्या निम्मं, झोप माझ्या पाव. जामिनाचा कायदा कसा बदलला पाहिजे यावर त्या तासभर बोलतील, पण पैसे मागायची वेळ आली की त्यांचा घसा बसतो. म्हणून मला बोलावलं. लोकांच्या घरी जाऊन, त्यांचाच चहा पीत, त्यांना त्यांच्या मरणाची आठवण करून देणं आणि उठताना त्यांच्याकडून चेक घेणं, हे मी जन्मभर केलं. माझं पद आहे निधी-संकलन प्रमुख. प्रमुख मी, आणि माझ्या हाताखाली मीच. ऑफिस चष्म्याच्या दुकानावर. एका खोलीत फायली, दुसऱ्या खोलीत फायली आणि आम्ही.

पत्रक गेल्यापासून फोन थांबलेला नाही. एका बाईंनी मला झाडलं: “आमचं आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलं, आणि तुम्ही चोरांना जमिनी वाटता?” एका गृहस्थाने तर कमाल केली.

“प्लॉट किती मोठा हवा?”

“कसला प्लॉट?”

“तुम्हीच लिहिलंय, कैद्याला जमीन मिळवून द्या. माझ्याकडे आहे एक. गावाबाहेर आहे. तशी त्यांना लांब राहायची सवय असेल, नाही का?”

वकीलबाई टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. अध्यक्ष हसले नाहीत.

तर कान्याबद्दल आभार. संस्थेत कान्याची पावती फाडायची सोय नाही. चेक पाठवलास तर फाडेन.

तुझी बहीण

२५ जानेवारी

दादा,

माझं पत्र परत? तेही दुरुस्त करून?

तीन ठिकाणी वेलांटी, दोन ठिकाणी उकार, एका ठिकाणी नुसतंच उद्‌गारचिन्ह, ते कशाबद्दल हे देव जाणे. आता शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिते आहे. शाबासकी नको, पण निदान ‘प्रयत्न बरा’ असं समासात लिही. तू माझ्या पत्राचा शब्द न् शब्द वाचलास, हे मात्र आता तुला नाकारता येणार नाही. पुराव्यावर तुझीच शाई आहे.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मागणं स्वच्छ मांडायचं आणि गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो देतो. भलेभले लोक मिनिटभर टिकत नाहीत, काहीतरी पुटपुटतात आणि सही करतात. गप्प बसण्यात मला हरवणारा एकच माणूस भेटला, आणि तो माझ्याच घरात वाढला.

असो. वकीलबाई म्हणाल्या, “ज्यांच्यासाठी पैसे मागता त्यांना एकदा बघून तर या.” म्हणून परवा बायकांच्या तुरुंगात गेले. भेटीची खोली म्हणजे लांबलचक बाक, मध्ये जाळी, आणि जाळीला इतकी माणसं तोंड लावून बोलतात की ती मधोमध काळी पडली आहे. पलीकडे एक चाळिशीची बाई येऊन बसली. घरोघरी आजारी माणसांची सेवा करायची. आम्ही तिला आयाच म्हणतो, तीही स्वतःला तसंच म्हणते.

“नव्या वकील का तुम्ही?”

“नाही. मी पैसे गोळा करते.”

“किती जमले?”

“अजून पुरेसे नाहीत.”

“मग इथे कशाला वेळ घालवताय?”

मला ती आवडली.

अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीचं तिने सगळं केलं. म्हातारी गेली, आणि कपाटातली बांगडी नाही म्हणून मुलांनी तक्रार केली. बांगडी सापडली नाही, ही सापडली. तिला जामीन मंजूर होऊन बरेच महिने झाले. तरी ती आतच आहे. तिला एक मुलगी आहे, सहावीत. शेजारीण सांभाळते, पण शेजारणीच्या नवऱ्याची बदली झाली आहे. एप्रिल उजाडला की ते बिऱ्हाड हलवणार. त्यानंतर मुलगी कुठे जाईल, हे मी विचारलं. आया म्हणाली, “तेच तर मी तुम्हाला विचारणार होते.”

जामीन मंजूर, आणि माणूस आत. मी बाहेर येऊन वकीलबाईंवर तडकले. म्हटलं, मला आकडा सांगा, मी आणते. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मी ऐकायला थांबले नाही. मला बस गाठायची होती आणि एक कारखानदार.

तुझी बहीण

१६ फेब्रुवारी

दादा,

या वेळी फक्त एक वेलांटी. शब्दकोशाला श्रेय द्यावं की तुझ्या डोळ्यांना दोष, ठरत नाही.

कारखानदाराची भेट झाली. ऑफिसात गालिचा असा की बुटांचा आवाजच येत नाही. आपण आलो की नाही, अशी आपल्यालाच शंका यावी. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि बोटांची टोकं जुळवली.

“काम छान आहे हो. पण आम्ही शाळांना देतो. मुलं फोटोत बरी दिसतात. कैदी म्हटलं की...”

“कैदीही बरे दिसतात,” मी म्हटलं. “मधली जाळी काढली तर.”

मग गप्प बसले. त्याने घड्याळ बघितलं, पाणी मागवलं, प्यायला, आणि शेवटी बोलला. बोलला म्हणजे दिलं. मी ते पाकीट घेऊन जिना चढत ऑफिसात गेले, वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, घ्या, सोडवा तिला.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, मी तुम्हाला त्या दिवशी तेच सांगत होते. कोर्टाला पैसे नकोत, माणूस हवा आहे. ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे असा माणूस, जो उभा राहून सांगेल की ही पळून जाणार नाही, गेली तर मी जबाबदार. जामीन म्हणजे रक्कम नाही हो, जामीन म्हणजे माणूस.”

मी बसले. या बाईच्या ओळखीतले सगळे भाड्याने राहतात. आया, मोलकरणी, रखवालदार. दुसऱ्यांची घरं सांभाळण्यात जन्म जातो, पण स्वतःच्या नावावर एक भिंत नसते. मी स्वतः भाड्याने राहते. वकीलबाईंना आपल्याच अशिलाला जामीन राहता येत नाही. आमचे अध्यक्ष म्हणाले, “तत्त्वतः मी तयार आहे,” आणि परगावी गेले.

म्हणजे बघ. मथळ्यात माझा एक काना राहिला, पण छापलं गेलं ते खरंच होतं. जामिनाला जमीनच लागते. तुमच्या कायद्यात तो काना फक्त शोभेला आहे.

तुझं घर तुझ्या नावावर आहे. गच्चीसकट.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ गप्प बसले. मग आठवलं, पत्रात गप्प बसून भागत नाही. म्हणून स्पष्ट मागते. येत्या तारखेला कोर्टात ये आणि तिला जामीन राहा. आरोपीला ओळखता का असं विचारतात म्हणे. ओळखतो म्हणून सांग. कोण तपासायला बसलंय.

आणि सत्काराचं एकदाचं बोलूनच टाकते. तू माइकसमोर गोष्ट सांगितलीस. एका माणसाला जामीन झाला, पण जामीन राहायला कोणी मिळेना, म्हणून वर्षभर तो आतच राहिला आणि सुटताना म्हणाला, साहेब, माझी जागा कुणाला देऊ नका. सभागृह हसलं. तूही हसलास. मी उठून विचारलं, “मग तू काय केलंस, दादा?” त्यानंतर जी शांतता पसरली ती अजून संपलेली नाही. पुढे वहिनी मला म्हणाली, “वन्सं, प्रश्नाचं त्यांना एवढं नव्हतं. भरल्या सभेत ‘तू’ म्हणालात, त्याचं होतं.”

हार, शाल, रांगेत बसलेले तुझे सगळे न्यायाधीश, आणि धाकट्या बहिणीने ‘तू’ म्हटलं. मग काय म्हणायला हवं होतं? ‘महोदय, आपण काय केलंत?’ मी तुला नाक शिंकरायला शिकवलं नसेल, पण तू पेन्सिल चावायचास हे मला माहीत आहे. तुला मी दुसरं काहीही म्हणू शकत नाही.

वेलांटीकडे, कान्याकडे तू कधी कानाडोळा करत नाहीस. त्या माणसाकडे केलास.

तुझी बहीण

४ मार्च

दादा,

‘ओळखतो म्हणून सांग’ यावर तू आडवी रेघ मारलीस आणि समासात लिहिलंस, ‘खोटं’.

इतक्या वर्षांतला तुझा पहिला शब्द. तोही अनुस्वार धरून अडीच अक्षरी.

मी चिडले. खिडकीशी जाऊन खालच्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्यांचा काही संबंध नव्हता. एक बाई जाळीपलीकडे बसली आहे, तिची मुलगी शाळेचं दप्तर घेऊन परक्या घरात झोपते आहे, आणि माझा भाऊ खरं-खोटं तपासतो आहे. पण रात्री पत्र पुन्हा काढून बघितलं. सत्काराचा सगळा मजकूर तसाच आहे. त्यात मी तुला किती वेळा ‘तू’ म्हटलंय. एकाही ‘तू’खाली तांबडी रेघ नाही.

ते मी उशाखाली ठेवून झोपले. वयाप्रमाणे वाग, असं म्हणू नकोस.

आता कामाचं. मी नवं पत्रक काढलं. मथळा: ‘पैसे नंतर. आधी तुम्ही. जामीन राहाल का?’ वकीलबाईंनी तीनदा वाचला, काने मोजले, मग छापायला दिला. पत्रक गेलं आणि ऑफिस गार पडलं. दर वर्षी न चुकता देणाऱ्या आजींनी फोन करून सांगितलं, “पैसे घे गं बाई, दुप्पट घे, पण उभं राहायला सांगू नकोस.” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. स्वतःला द्यायला लागू नये म्हणूनच बरेचदा माणसं पैसे देतात. हे मला विम्यातच कळलं होतं.

एकच फोन आला. प्लॉटवाले. तेच, गावाबाहेरची जमीन कैद्याला देऊ करणारे.

“मॅडम, म्हणजे त्या वेळी तुम्हाला जामीन म्हणायचं होतं?”

“हो.”

“अहो, मग आधी बोलायचं. माझा प्लॉट चालेल का?”

मला खुर्चीत उडी मारता आली असती तर मारली असती. ते दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आले. छोटेसे, गोलमटोल गृहस्थ, घामेजलेले. वकीलबाईंनी कागद उलगडले आणि त्यांचा चेहरा पडला. प्लॉट दोघा भावांच्या नावावर आहे. धाकट्याची सही लागेल.

“मग घ्या की सही,” मी म्हटलं.

“बोलणं नाही,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“आईच्या बाराव्या... जाऊ द्या. त्याने एक शब्द वापरला होता.”

मी त्यांना चहा दिला. असतात अशी माणसं.

तुझी बहीण

१९ मार्च

दादा,

मागचं पत्र परत आलं नाही.

रोज टपालाची पेटी बघते. पहिल्या दिवशी वाटलं टपाल उशिरा आलं असेल. मग वाटलं, आडदांडपणे लिहिलं, सगळं बिनसवलं. मग वाटलं तुझी शाई संपली. शेवटी घाबरून तुमच्या घरी फोन केला. कोणी उचलला ते सांगणार नाही, शपथ घातली आहे. तुमच्या घरातल्या एका व्यक्तीकडून कळलं, एवढंच लिहिते. घरात तुम्ही दोघंच राहता, तेव्हा ओळख पटणं अवघड आहे.

ती व्यक्ती म्हणाली, “वन्सं, प्रकृती ठणठणीत आहे. पण दर गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडतात. वाचनालयात जातो म्हणतात. येताना पुस्तक काही नसतं. मला तर काळजीच वाटायला लागली आहे, या वयात.”

मीही काळजीत पडले. आणि मग काल आयाला भेटायला गेले.

तिने मला बघताच विचारलं, “ते आजोबा तुम्ही पाठवले का?”

“कोण आजोबा?”

“येतात एक. दर गुरुवारी. उंच आहेत. बोलत काहीच नाहीत, नुसते विचारतात. गाव कुठलं, पहिलं काम कुणाकडे केलं, ते सोडलं का, मुलीला काय येतं, काय येत नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. उत्तर बदलतं का बघतात. मी म्हटलं, आजोबा, पोलिसांनी विचारलं नाही इतकं तुम्ही विचारता.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, त्यांनी विचारायला हवं होतं. आणि चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.”

मी जाळीला कपाळ टेकलं. ती म्हणाली, “रडताय होय?” मी म्हटलं, “नाही, मला इथली जाळी आवडते.”

‘खोटं’ असं तू का लिहिलंस ते आता समजलं. ओळखत नव्हतास, म्हणून ओळखतो म्हणायला तयार नव्हतास. मग ओळख करून घ्यायला गेलास. दुसरा कोणी असता तर नुसतं खोटं बोलून मोकळा झाला असता, आणि मी त्याचे पाय धरले असते. तू असा आहेस. लहानपणी पत्त्यातसुद्धा मला जिंकू द्यायचा नाहीस.

मी काहीही मागत नाही. फक्त कळवते. सत्तावीस तारीख, सकाळी, चौथ्या क्रमांकाचं कोर्ट. मी मागच्या बाकावर असेन. तोंड बंद ठेवीन. हे वचन मी आजवर कुणालाही दिलेलं नाही.

तुझी बहीण

२७ मार्च, संध्याकाळ

दादा,

दिवसभर तुझ्याजवळ होते आणि एक धड वाक्य बोलले नाही, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले आहे. चपलाही काढलेल्या नाहीत.

मी मागच्या बाकावरून सगळं बघितलं. तू जामीनदारांच्या रांगेत उभा होतास, बगलेत घराच्या कागदांची पिशवी. तुझ्या पुढे एक फळवाला, मागे कुणाचा तरी सासरा. ज्या इमारतीत तू आलास की सगळे उठून उभे राहायचे, तिथे आज तुला कोणी बसायला सांगितलं नाही. पुकारा झाला. कारकुनाने मान वर न करता बोट दाखवलं.

“ए बाबा, तू. हां, तूच. ये पुढे.”

मी उठले. वचन गेलं खड्ड्यात, त्या कारकुनाला मी माझ्या नन्सच्या भाषेत काय ते सांगणार होते. तू मागे न बघता एक बोट वर केलंस. बाबा घरात शिरले की मला गप्प करायला करायचास, अगदी तस्सं. मी बसले.

“कागद आणलेस?”

“आणले.”

“काय करतोस?”

“निवृत्त आहे.”

“कुठून?”

“कोर्टातून.”

“शिपाई होतास का?”

“जवळपास,” तू म्हणालास.

मी पदराचा बोळा करून तोंडात धरला. तू वळून माझ्याकडे बघितलंस, आणि दादा, तू हसत होतास. भरल्या कोर्टात एका कारकुनाने तुला सटासट ‘तू’ म्हटलं, आणि तू हसत होतास.

तेवढ्यात त्या तरुण न्यायाधीशाने वर बघितलं. त्याचा चेहराच उतरला. खुर्चीतून अर्धवट उठला, “सर, आपण...” तू म्हणालास, “बसा. रांग मोठी आहे.”

“आपण आरोपीला ओळखता?”

“ओळखतो.” तेवढ्यावर भागलं असतं. पण तू सांगत सुटलास. ती कुठल्या गल्लीत राहते, कुणाकुणाची सेवा केली, मुलीला गणित येत नाही पण पाठांतर पक्कं आहे, आणि खोटं बोलताना ती डावा कान ओढते. “माझं जेवण नीट चाललंय, असं सांगताना तिने कान ओढला. बांगडीबद्दल बोलताना एकदाही ओढला नाही.”

न्यायाधीश अवघडला. “सर, हे पुराव्यात येत नाही.”

“माहीत आहे,” तू म्हणालास. “हे ओळखीत येतं.”

वकीलबाईंनी ते वाक्य आपल्या फाईलच्या पाठीवर लिहून घेतलं आहे. जामिनाला मालमत्तेची अट नको, अशी याचिका त्या तयार करत आहेत. पहिल्या पानावर हेच वाक्य घालणार म्हणतात. तुझी परवानगी मी परस्पर दिली आहे.

मग ती तुरुंगाच्या फाटकासमोरची बाकडी. तू एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये शेजारीण आणि दप्तर मांडीवर घेतलेली मुलगी. कागद आत गेले होते, माणूस बाहेर यायचा होता. शेजारीण मुलीला घेऊन पाणी प्यायला गेली आणि आपण दोघंच उरलो. मी गप्प बसले. तूही गप्प बसलास. मला माहीत होतं तू मला हरवणार.

आणि तू बोललास. फाटकाकडे बघत.

“त्या दिवशी विचारलं होतंस, मी काय केलं म्हणून.”

मी श्वाससुद्धा बेताने घेतला.

“काहीच केलं नव्हतं,” तू म्हणालास.

जो आधी बोलतो तो देतो. इतकं मोठं कधी कोणी मला दिलेलं नाही, कारखानदारानेही नाही. प्रश्न विचारला याबद्दल मी माफी मागणार नाही. ‘तू’ म्हटलं याबद्दल तर नाहीच. पण तेव्हाच येऊन तुझ्या दारात बसायला हवं होतं, तू बोलेपर्यंत. हे मात्र मला आज वाटलं.

फाटक उघडलं तेव्हा तू उठून उभा राहिलास, सदरा खाली ओढून सारखा केलास. आया बाहेर आली. मुलगी धावली नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या, कारण मुलगी उंचीने आईच्या कपाळापर्यंत आली होती आणि हे दोघींनाही नवीन होतं. मग आयाने तुझ्याकडे बघून म्हटलं, “आजोबा, आता गुरुवारी कुठे जाणार?”

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. प्लॉटवाल्यांनी भावाला फोन केला. म्हणाले, आधी शिव्या झाल्या, मग सही झाली, मग भावाने विचारलं की एका प्लॉटवर दोघांना जामीन राहता येतं का. दोन शिक्षिकाही आल्या आहेत, पैसे देऊ करणाऱ्या आजींनी आपला जावई पाठवला आहे, त्याला न विचारता. या सगळ्यांना कैद्यांशी खरी ओळख करून घ्यायला कोणीतरी शिकवायला हवं. पुन्हा पुन्हा तेच विचारणारा, खोटं न चालवून घेणारा, इस्त्रीच्या सदऱ्यातला. गुरुवार त्याला सोयीचा पडतो असं ऐकलंय. मी पैसे मागत नाही. तेही मागेन, पण नंतर.

सोबत नव्या पत्रकाचा मसुदा जोडला आहे. सोमवारी छापखान्यात द्यायचा आहे. त्यात एक काना मी मुद्दाम गाळला आहे. टपालाने परत पाठवू नकोस. सापडला की हातात घेऊन ये, आणि येताना तुमच्या घरातल्या त्या व्यक्तीलाही आण.

तुझीच,
मड्डम